बटाट्याचं माहेर

बोलिव्हियात एकदाही पाऊल न ठेवता त्या देशाच्या वाटा पायाखालच्या असल्यासारख्या ठाऊक असलेला माणूस उभ्या हिंदुस्थानात एकच होऊन गेला, आणि तो माझ्या आत्याचा नवरा होता. हे मी पैज लावून सांगते. साताऱ्यात त्या काळी स्टँडवर उतरून कुठल्याही टांगेवाल्याला नुसतं ‘बोलिव्हियावाले साहेब’ म्हटलं, की टांगा बिनचूक आमच्या दारात येऊन थांबायचा. आळीचं नाव सांगितलं तर मात्र एखादे वेळी चुकायचा. आम्ही त्यांना आतोबा म्हणत असू. ठेंगणी मूर्ती, खाकी अर्धी विजार, गुडघ्यापर्यंत मोजे, डोक्यावर सोला हॅट आणि हॅटच्या खाली चांगली बोटभर शेंडी. मोजणी खात्यात सर्व्हेयर होते. जिल्ह्यातल्या निम्म्या बांधांवरून त्यांची साखळी फिरलेली. हातातल्या काठीवर फूट-इंचांच्या खुणा, छत्रीच्या दांडीवर खुणा, इतकंच काय, घरातल्या पोळपाटाच्या कडेलासुद्धा खुणा होत्या. आत्याची पोळी एका बाजूने पाव इंच जास्त लाटली गेली तर ते जेवता जेवता तिला सांगत. आत्या म्हणे, “मग जास्तीचा तुकडा शेजाऱ्यांच्या हद्दीत टाका.”

मी तेव्हा सांगलीहून येऊन साताऱ्यात मुलींच्या शाळेत नुकतीच मास्तरीण झाले होते आणि आत्याकडे राहत होते. महायुद्ध ऐन भरात होतं. रॉकेलला रांगा, साखरेला रांगा, आणि आमच्या घरी मात्र चर्चा कसली, तर बोलिव्हियाला कोणत्या महिन्यात निघावं याची! हे खूळ शिरलं ते एका पुस्तकामुळे. पाचगणीचा कुणी साहेब विलायतेला परत जाताना त्याच्या सामानाचा लिलाव झाला, त्यात आतोबांनी बूट घेतले आणि बुटांबरोबर एक पुस्तक फुकट आलं. जगातल्या देशांची माहिती असलेलं इंग्रजी पुस्तक, अक्षरांच्या क्रमाने लावलेलं. कव्हर नाही, पुढची कितीतरी पानं वाळवीने खाल्लेली. ते उघडायचं ते थेट बोलिव्हियावर. वाळवीने आणखी चार पानं खाल्ली असती तर आतोबांनी ब्राझील धरला असता आणि पुढचं रामायण झालंच नसतं, असं माझं ठाम मत आहे. पण त्या पानावर लिहिलं होतं, की या देशात बारा हजार फुटांवर शहर आहे. झालं! साताऱ्याची उंची दोन हजारांवर थोडी, अजिंक्यताऱ्याची तीन हजारांवर थोडी, पाचगणी चार हजार दोनशे, ही सगळी ज्यांना मुलांच्या नावांसारखी पाठ, त्या माणसाला बारा हजार हा आकडा नुसता चावला. “बारा हजार फुटांवर बाजार भरतो, मास्तरीणबाई! बायका भाजीचा भाव करतात!” हे सांगताना त्यांचा आवाज घोगरा व्हायचा.

पण एकट्याने जायची त्यांची तयारी नव्हती. मी एकदा म्हटलं, “आत्याला जायचं नाही तर तुम्ही जाऊन या की. आल्यावर सांगा आम्हाला.” तर माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी जप्तीची नोटीस आणली आहे. म्हणाले, “सांगून काय कळतं? सांगताना निम्मं गळतं. तिनं माझ्या शेजारी उभं राहून बघितलं पाहिजे. नाहीतर मी बघितलं ते खरं कशावरून?” पोरबाळ नव्हतं त्यांना. चोवीस वर्षांचा दोघांचाच संसार. तेव्हा सगळं गाडं अडलं होतं ते आत्याच्या एका होकारापाशी, आणि आत्या काही होकार देत नव्हती. तिचं म्हणणं साधं होतं. “बोलिव्हियाला म्हणे! बोलावलंय का कुणी तुम्हाला? तिथं ना तुमचं कुणी, ना माझं. न बोलावता उंबऱ्यात जाऊन उभं राहायची आपल्यात पद्धत नाही.” शिवाय समुद्र ओलांडायचा म्हणजे धर्म बुडाला. त्यात एक दिवस आतोबांनी नको तेवढ्या प्रामाणिकपणे सांगून टाकलं, की बोलिव्हियाला स्वतःचा समुद्रच नाही, दुसऱ्या देशात उतरून मग आगगाडीने चढायचं. “म्हणजे,” आत्या म्हणाली, “दोन महिने समुद्रातनं जायचं, ते समुद्र नसलेल्या गावाला? हे कुणी ठरवलं?”

तरीही तयारी अखंड चालू होती. सगळ्यात मोठा प्रश्न ऋतूचा. तिकडचं सगळं आपल्या उलट. आपल्याकडे आषाढात आभाळ फाटतं तेव्हा तिकडे कडाक्याची थंडी, आणि आपण पौषात शेकत बसतो तेव्हा तिकडे धो धो पाऊस. हे ध्यानात राहावं म्हणून आतोबांनी माजघरात दोन पंचांगं टांगली होती, एक सुलटं आणि एक चक्क उलटं. पाहुणे आले की मान वाकडी करून उलटं वाचायला जायचे आणि आतोबा समाधानाने म्हणायचे, “ते तिकडचं.” त्यांचा सिद्धांत असा, की भर हंगामात साहेबलोक हिंडतात, त्या गर्दीत आपल्याला कोण विचारतं? पावसात जावं तर रस्ते वाहून जातात. शहाण्या माणसाने जावं ते उघडिपीला. पाऊस नुकता हटलेला, थंडी अजून यायची, डोंगर हिरवे आणि आभाळ धुतलेलं. तिकडची उघडीप आपल्या चैत्र-वैशाखात पडते. त्यामुळे दरवर्षी गुढी उतरली की आमच्या घरी बोलिव्हियाचा मोसम सुरू व्हायचा. बाहेर वाऱ्याची झुळूकसुद्धा कपिलाषष्ठीसारखी दुर्मिळ झालेली, माणसं पंच्यानं घाम पुसताहेत, आणि आतोबा सवय व्हावी म्हणून गळ्याला लोकरीचा मफलर गुंडाळून ओसरीवर बसलेले! पोस्टमन विचारायचा, “सायेब, ताप हाय का?” “नाही रे,” आतोबा म्हणायचे, “तिकडे आता गारठा सुरू होईल.” पोस्टमन बिचारा घाईघाईनं पुढं सटकायचा.

उघडिपीचा सिद्धांत प्रत्यक्षात पाहावा म्हणून एका वर्षी आम्हा दोघींना घेऊन ते पाचगणीला गेले. केव्हा? तर भाद्रपद सरता सरता. एकही खानावळ उघडी नाही, बंगल्यांना कुलपं, सगळीकडे चिखल. ज्या बंगल्यात उतरलो तिथला राखणदार म्हातारा आमच्याकडे वेड्यांकडे बघावं तसं बघत होता. “आवं, आत्ता कशापायी आलासा? माणसं येत्यात उनाळ्यात.” पण दुसऱ्या दिवशी सकाळी खरोखरच उघडलं. आम्ही टेबललँडवर चढलो. पठारभर इवली इवली पिवळी फुलं, खाली दरीत धुकं, आणि एवढ्या मोठ्या पठारावर आम्ही तिघंच. आत्या चपला हातात घेऊन गवतातून चालायला लागली. चालता चालता गुणगुणायला लागली. आतोबा माझ्या कानाशी येऊन म्हणाले, “बघितलंस? तिकडे असंच पठार आहे. फक्त तिप्पट उंच आणि शंभरपट मोठं. हिला आवडणार!” मग धीर करून तिच्याजवळ गेले. “आवडलं?” “छान आहे हो,” आत्या म्हणाली. “मग जायचं ना?” आत्या थांबली. “आत्ताच तर इथं आलोय. लगेच दुसरीकडं कशाला? इथलं बघून होऊ दे की.” आतोबांनी तो नकार मानला नाही. घरी आल्यावर वहीत लिहिलं : ‘चार हजार दोनशे फुटांवर प्रकृती उत्तम. गुणगुणली.’

उंचीची तालीम हे एक वेगळंच प्रकरण होतं. वरती हवा विरळ, दम पुरत नाही, म्हणून आतोबा रोज पहाटे तोंडात पाण्याची चूळ धरून अजिंक्यतारा चढत. तोंड बंद म्हणजे नुसत्या नाकाने श्वास, म्हणजे निम्मी हवा, असं त्यांचं गणित. वाटेत कुणी ‘नमस्कार’ म्हटलं की पंचाईत. हात जोडायचे, डोळे मोठे करायचे आणि गाल फुगवून पुढे जायचे. गावात बोलवा झाली, की सर्व्हेयरसाहेबांनी पहाटेचं मौन धरलंय. दोन बायका नवस बोलायच्या बेतात होत्या, त्यांना आत्याने आवरलं. एकदा जेवताना त्यांनी विरळ हवेचं शास्त्र सांगायला घेतलं, की तिथं पाणी लवकर उकळतं पण तापत नाही, त्यामुळे डाळ काही केल्या शिजत नाही. आत्या पळी हातात घेऊन उभीच राहिली. “मग तर मिटलंच,” ती म्हणाली. “माझी काही तिथं डाळ शिजायची नाही!” आम्ही दोघी इतक्या हसलो की मला ठसका लागला. आतोबा बिचारे गंभीरपणे वहीत लिहीत होते, ‘मूग चालतील का पाहणे.’

समुद्राची माहिती काढायला त्यांनी शिपाई गाठले. त्या दिवसांत आमच्या भागातल्या गावागावांतली पोरं पलटणीत होती. इजिप्त, इटली कुठं कुठं जाऊन आलेली. कुणी रजेवर आला की आतोबा त्याला चहाला धरून आणत. कोरेगावकडचा एक हवालदार मला चांगला आठवतो. दणकट गडी, बशीतून फुर्र करून चहा ओढत बसलेला. आतोबांनी वही उघडली. “समुद्र कसा असतो हो, हवालदार?”

“कसा म्हंजे? पानीच हाय की सगळं.”

“ते झालं. पण बोटीवर माणसाला वाटतं कसं?”

“लय वंगाळ बगा. पयले आठ दिस पोटात काय ऱ्हात न्हाई. मग पोटच ऱ्हात न्हाई.”

आतोबा जरा चपापले. दाराआड आत्या उभी आहे हे त्यांना दिसत होतं. “पण बायकामाणसांना बरं वाटत असेल? बोटीवर असतील ना बायका?”

“आवं सायेब,” हवालदार म्हणाला, “आमी लडाईला गेल्तो, जत्रंला न्हाई.” आत्या आतून एवढ्या मोठ्यानं हसली की हवालदार लाजून चूर झाला. त्या दिवशी होकार आणखी चार कोस लांब गेला.

आता मुख्य गोष्टीकडे येते. ही सांगताना मला अजून हसू येतं आणि थोडी लाजही वाटते, कारण तोंड उघडायला आतोबांना मीच चिथावलं होतं. आषाढी एकादशी होती. आळीतल्या चार-पाच जणी आमच्या मागच्या सोप्यात जमल्या होत्या. कुणी बटाटे सोलतंय, कुणी रताळी किसतंय, कुणी दाणे भाजून त्यांची टरफलं पाखडतंय. साबुदाणा युद्धापायी मिळेनासाच झाला होता, त्यामुळे बटाटा-रताळ्यावरच सगळा भार. आतोबा दारात येऊन उभे राहिले. डोळ्यांत चमक. आदल्याच दिवशी त्यांनी मला पुस्तकातला एक भाग दाखवला होता आणि मी म्हटलं होतं, “मग हे आत्याला सांगा की! याच्यावर ती काय बोलते बघू.” तर ते खाकरले आणि बायकांना म्हणाले, “तुम्ही सोलताय तो बटाटा कुठला, ठाऊक आहे? बोलिव्हियाचा.”

“नाही हो,” एक जण म्हणाली, “मंडईतला आहे.”

“मूळचा म्हणतोय मी! बटाट्याचं माहेर बोलिव्हिया. त्याच डोंगरावरचा. शेंगदाणाही तिथलाच. रताळंही त्याच मुलखातलं, आणि राजगिरासुद्धा समुद्रापलीकडचा. तुमची सगळी एकादशी तिकडून आली आहे, बोटीत बसून!” आणि मग आत्याकडे वळून, वकिलानं शेवटचा साक्षीदार काढावा तशा थाटात म्हणाले, “ज्या देशाचा बटाटा एकादशीला चालतो, त्या देशाला गेलेली बाई का चालू नये? सांग बघू!”

मला वाटलं, जिंकले. युक्तिवादात कुठे फट नव्हती. आत्याने हातातला बटाटा खाली ठेवला. विळी आडवी केली. हात धुतले. मग शांतपणे विचारलं, “हे छापलेलं आहे?” “छापलेलं आहे,” आतोबा म्हणाले, “पान दाखवू?” “नको. तुम्ही खोटं बोलत नाही.” आणि ती उठली. बटाटे, किसलेली रताळी, भाजलेले दाणे सगळं एका परातीत भरलं आणि गाईला घालून आली. “चोवीस वर्षं मी समुद्रापलीकडचं खाऊन उपास केले,” ती म्हणाली. “माझ्या उपासांचं काय झालं असेल, पांडुरंगालाच ठाऊक.” आतोबांच्या युक्तिवादाचं असं दुसरं टोक निघेल हे आम्हा दोघांपैकी एकाच्याही स्वप्नात नव्हतं.

त्या दिवसापासून आत्याच्या उपासाला उरलं फक्त दूध आणि एखादं केळं. मी म्हटलं, “आत्या, निदान वरी तरी खा. वरी आपलीच.” तर म्हणाली, “त्या पुस्तकाचा काय भरवसा? उद्या पान उलटतील आणि वरीही तिकडचीच निघेल. आधीच सोडलेली बरी.” आणि आत्याचे उपास काय एक-दोन होते? दोन एकादश्या, संकष्टी, त्यात चातुर्मास लागलेला, श्रावणातले सोमवार, शनिवार. आळीतल्या बायका तिला मानायच्या, त्यामुळे त्यांनीही बटाटा सोडला. उपासाच्या दिवशी घरोघरची पुरुषमाणसं डब्यात थालीपीठ नाही म्हणून आतोबांच्या नावाने बोटं मोडायला लागली. मंडईतली बटाटेवाली एक दिवस दारात येऊन भांडून गेली. “आवं सायेब, तुमचं काय घोडं मारलं व्हतं ह्या बटाट्यानं? त्यो कुठनं का आलेला असंना, आता हितलाच हाय की!” आतोबा मान खाली घालून ऐकून घेत होते. आत आल्यावर मला हळूच म्हणाले, “मास्तरीणबाई, मिरचीसुद्धा तिकडचीच आहे. पण हे या घरात बोलू नकोस. बाहेर फुटलं तर सातारा जिल्हा उपाशी मरेल.”

गंमत तिथवरच होती. श्रावण सरेपर्यंत आत्याच्या गालाची हाडं वर आली. दूधही धड मिळत नव्हतं, जे मिळे त्यातलं निम्मं ती शेजारच्या बाळंतिणीला देऊन टाकायची. आतोबा रोज बघत होते. एरवी बांधाची हद्द सांगताना ज्यांचा आवाज पाटलालाही दबत नसे, ते उपासाच्या दिवशी नुसते स्वयंपाकघराच्या दारात घुटमळत. “थोडं काही तरी...” “भूक नाही हो मला,” आत्या म्हणायची. श्रावण वद्य एकादशीला नळावरून कळशी घेऊन येताना तिला भोवळ आली आणि ती पायरीवर कोसळली. कपाळाला खोक पडली. डॉक्टर म्हणाले, अंगात रक्त नाही, यांना पोटभर खाऊ घाला. आतोबा तिच्या उशाशी बसून होते. हॅट मांडीवर. मी इतक्या दिवसांत त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. “माझ्या तोंडानं हिच्या तोंडचा घास काढला,” एवढंच म्हणाले. मला तर जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं.

पुढच्या एकादशीला दुपारी आळीच्या विठ्ठलाच्या देवळात बायका पोथीला जमल्या. आत्याही कपाळाला पट्टी बांधून गेली होती. आतोबा घरून निघताना मला म्हणाले, “चल माझ्याबरोबर. आज आयुष्यात पहिल्यांदा चुकीची मोजणी लिहिणार आहे. साक्षीला कुणी तरी हवं.” देवळात शिरले, हॅट काढून खांबापाशी उभे राहिले. पोथी थांबली. “मला एक सांगायचंय,” ते म्हणाले. “त्या दिवशी मी बटाट्याचं बोललो, ते चुकलं. पुस्तकात छपाईची चूक आहे. मी वर चौकशी केली. बटाटा आपलाच. पाचगणीचा. शेंगदाणा, रताळंही इथलंच. साहेबानं ते इथून तिकडं नेलं.”

मग मागून एक म्हातारी कडाडली, “बघा! मी म्हणत नव्हते? सगळं आमचंच नेलं मेल्यांनी!” आणि देवळात एकच गलका उडाला. दिवस तसलेच होते, साहेबाने काही नेलं म्हटलं की कुणालाही पटायचं. आतोबा विठ्ठलाकडे न बघता माघारी वळले. ज्या माणसाने लाच घेऊन कधी वीतभर बांध इकडचा तिकडे केला नाही, पाटलाच्या धाकाने नाही, साहेबाच्या हुकमाने नाही, त्याने एक अख्खा डोंगराळ देश उचलून पाचगणीत आणून ठेवला होता. घरी आल्यावर आत्याने बटाट्याचा कीस केला. दाण्याचं कूट घालून, वर लिंबू पिळून. आतोबा समोर बसून तिला खाताना बघत होते. तिने एकदा वर पाहिलं आणि आणखी वाढून घेतलं. मी उठून परसात गेले आणि खूप वेळ तिथंच उभी राहिले, कारण माझे डोळे भरून आले होते.

त्यानंतर आतोबांनी बोलिव्हियाचं नाव टाकलं. उलटं पंचांग काढलं. तोंडात चूळ न धरता किल्ला चढू लागले, त्यामुळे लोकांना त्यांच्याशी बोलता येऊ लागलं आणि लोकांना ते फारसं रुचलं नाही. युद्ध संपलं, बोटी सुरू झाल्या. वास्तविक खरी वेळ ती होती. मी एकदा न राहवून विचारलं, “आतोबा, आता का नाही काढत विषय? आत्याचं मन वळलंय थोडं. परवा मला विचारत होती, तिकडच्या बायका नेसतात काय म्हणून.” त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, मला ओसरीच्या कोपऱ्यात नेलं. “तुला कळत कसं नाही, मास्तरीणबाई? तिथं नेली आणि कुणी शेतातून बटाटा उपटून हिच्यापुढं धरला, तर? शेतंच्या शेतं आहेत तिथं! हिच्या लक्षात येईल, की मी देवळात खोटं बोललो. झालं, पुन्हा हिचं खाणं बंद. नको. ती जेवतेय ना? बास.” आणि मग म्हणाले, “हे तिला कधी सांगू नकोस.” मी शब्द दिला.

पुढं माझं लग्न झालं, मी माधवनगरला आले. आमच्या ह्यांची नोकरी तिथल्या गिरणीत. आतोबा पेन्शनीत निघाले आणि वर्षभरात गेले. किल्ल्यावरून उतरताना वाटेतच बसले ते बसलेच. आत्याला मी माझ्याकडे घेऊन आले. दिवसकार्य उरकून दोन-तीन महिने झाले असतील. एका सकाळी आम्ही दोघी पडवीत गहू निवडत बसलो होतो. आत्या मधेच म्हणाली, “एक विचारू? हे देवळात तसं का बोलले, ते मला कळत नव्हतं असं वाटतं का तुला?”

मी सूप खाली ठेवलं.

“ह्यांना खोटं बोलता यायचं नाही,” आत्या म्हणाली. “बोलताना कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. बटाटा तिकडचाच, मला ठाऊक होतं. पण माझ्यासाठी देवासमोर खोटं बोलला हा माणूस. मग मी उपाशी राहून त्यांना खोटं पाडू? खाल्लं मी. पांडुरंगाला सांगितलं, याचं जे काय असेल ते माझ्या नावावर लिही.” ती पुन्हा गहू निवडायला लागली. मग म्हणाली, “मी तयार होते गं. लढाई संपल्यावर वाट बघत होते. आज विचारतील, उद्या विचारतील. चैत्र आला की वाटायचं, यंदा विचारतील. पुन्हा विचारलंच नाही त्यांनी. माझं काय चुकलं, कळलं नाही.”

मला राहवेना. ज्याला शब्द दिला होता तो माणूस गेला होता, आणि ही सहा वर्षं स्वतःला दोष देत बसली होती. मी सगळं सांगून टाकलं. ओसरीचा कोपरा, शेतंच्या शेतं, उपटलेला बटाटा, सगळं. आत्या ऐकत होती. तोंडाला पदर लावलेला. मला वाटलं रडतेय, बघते तर हसत होती, आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं.

“अगंबाई, एवढ्यासाठी?” ती म्हणाली. “वेडे कुठले! सांगायचं तरी मला. डोळे मिटून फिरले असते की मी तिथं, त्यांचा हात धरून.”